दोन ते चारचा पहारा

सप्ताहाच्या मांडवाबाहेर फळा टांगलेला होता आणि त्यावरचं विमलबाईंचं नाव पुसलेलं होतं. पुसलं तेही धड नाही. 'वि' तसाच दिसत होता, आणि त्याच्यावरूनच खडूनं लिहिलं होतं, आबाजी.

विमलबाईंनी डोईवरचा पदर पुढे ओढला. केमोनं गेलेले केस आता कुठे कापल्या भाताच्या खुंटांसारखे वर येत होते. चोवीस वर्षं माघातल्या सप्ताहात दुपारी दोन ते चार ह्या बाईनं वीणा गळ्यात घेतली होती. सात दिवस, सात रात्री ती वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. गेल्या माघात विमलबाई उभ्या राहिल्या तेव्हा गाठ अंगात होतीच, फक्त कुणाला ठाऊक नव्हती.

"वयनी, रागवू नका," मागून आबाजी म्हणाले. नात्यानं चुलत दीर, सप्ताहाचे प्रमुख, वय त्र्याहत्तर. "तुमचा पहारा मी घेतलाय. तुमी घरी पडून ऐका. कर्णा तुमच्या घराकडं फिरवून देतो."

"आनखी कोनाकोनाचा घेतलाय भावजी?"

फळाच बोलत होता. बारा ते दोन आबाजी. दोन ते चार आबाजी. चार ते सहा पुन्हा आबाजी.

"करनार काय? हा आजारी, ती म्हातारी, पोरं रसायनीला कंपनीत. मी हाय तवर कुनाला तरास नको."

"आबाजी म्हंजी वाघ हाय वाघ!" बाकावरून कुणीतरी म्हणालं. आबाजींनी गुडघा चोळत चोळत ते ऐकून घेतलं.

विमलबाई घरी आल्या. ओट्यावर सोनाली वाल सोलत बसली होती. ती त्यांची सून, कर्जतच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी.

"सोनाली, माझ्या गाठीचं ते परत सांग गं. ते टेलो..."

"टेलोमरेज." सोनालीनं सासूचा पदर हातात घेतला. "ह्या दशा बघा. पदराची वीण उसवू नये म्हणून असतात ना? पेशीच्या पोटातल्या धाग्यांनाही टोकाला अशाच दशा असतात. एका पेशीच्या दोन झाल्या की त्या जराशा झिजतात. फार झिजल्या की पेशी ओळखते, आपली वेळ झाली. थांबते ती, नाहीतर मरते."

"आनि तो कारागीर?"

"तोच टेलोमरेज. झिजलेल्या दशा पुन्हा विणून देतो. बाळ पोटात असताना तो जोरात कामावर असतो. मग शरीर बहुतेक ठिकाणी त्याला घरी बसवतं. कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा त्याला परत बोलावतात. मग दशा झिजायच्याच थांबतात."

"म्हंजे मरनच नाय."

"नाही. वाढत राहायचं, जागा सोडायची नाही. आणि शेवटी ज्या अंगात राहायचं त्याचंच वाटोळं."

"मग त्या कारागिराला घालवायचं औषध?"

"शोधतायत. पण काही चांगल्या पेशींनाही तो लागतो ना, म्हणून अवघड आहे."

विमलबाईंनी जन्मभर कीर्तनं ऐकली होती. किती राक्षस एका पायावर उभे राहिले आणि किती वर मागून गेले! "सगळ्या मेल्यांनी हेच मागितलं गं," त्या म्हणाल्या. "मी मरू नये, मी मरू नये. एकानं तरी मागावं का, देवा, माझी वेळ झाली की मला नीट उठू दे?"

मग त्या स्वतःच उठल्या. "डाक्टर काय म्हनला होता?"

"उजव्या हातानं जड उचलायचं नाही. गर्दीत मास्क."

"वीना डाव्या खांद्यावर असते. मास्क दे."

दोनला पाच मिनिटं कमी असताना विमलबाई मांडवात शिरल्या. बायकांत कुजबुज झाली. "आजार लागंल हो वीनेला," एक म्हणाली.

"लागला तर मुंबईला नेऊ तिला, माझ्याच डाक्टरकडं!" विमलबाई मास्कमधूनच म्हणाल्या. दोघीतिघी फिसकन हसल्या.

वीणा आबाजींच्या गळ्यात होती. त्यांनी मान हलवली. "वयनी, हट्ट करू नका. उभ्या उभ्या पडलात तर?"

"पडले तर पडले. बायजा काय बिछान्यात पडून वाचली?"

बायजा आबाजींची बायको. चार वर्षांमागे तिला हाच आजार झाला, तेव्हा त्यांनी असाच कर्णा घराकडे फिरवून दिला होता. सात दिवस तिनं भिंतीकडे तोंड करून ऐकलं, आणि शिमग्याआधीच गेली.

"तिला जपलं मी," आबाजी वीणेचा पट्टा धरून म्हणाले.

"जपलंत. पन तिचा पहारा तिला दिला नाय. मी रडत आले नाय भावजी, मागायलाबी आले नाय. माझी वेळ झालीय. सरा."

टाळ चालूच होते. आबाजींनी पट्टा गळ्यातून काढला, विमलबाईंनी मान वाकवली. दोघं एकमेकांच्या पाया पडली. वीणा विमलबाईंच्या डाव्या खांद्याला टेकली आणि तारेवर बोट पडलं.

पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी दोनदा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला. दुसऱ्यात घाम आला. मग नाम चढलं. चारच्या सुमारास मांडव असा रंगला की टाळकऱ्यांना घड्याळ आठवेना. आबाजी डोळे पुसत पुढे आले.

"ऱ्हा उभ्या वयनी! सहापर्यंत ऱ्हा. माझं चुकलं. आता कुनी हलवनार नाय तुमाला."

"ऱ्हा, ऱ्हा!" बायका म्हणाल्या.

विमलबाईंना मोह झाला. खोटं कशाला बोला? वीणा अंगाला ऊबदार लागत होती. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"नाय. चार वाजले. मला गाठ नाय व्हायचं."

त्यांनी मांडवाच्या कडेला नजर टाकली. खांबाला टेकून ठाकरवाडीची वनिता बसली होती. बारा वर्षं ती रानातून मोळी टाकून थेट मांडवात यायची, सगळे अभंग पाठ, आणि फळ्यावर नाव कधीच नाही.

"वनिता, ये गं."

"मी?" वनिता उभी राहिली. "माजं नाव नाय तिथं, बाय."

कुणी खाकरलं. कुणी आबाजींकडे पाहिलं. आबाजी तसेच फळ्यापाशी गेले. धोतराच्या सोग्यानं चार ते सहासमोरचं स्वतःचं नाव पुसलं, ह्या वेळी नीट, 'आ'ही उरू न देता.

"वनिता काय? फुडं काय लिवायचं?" त्यांनी खडू शोधत विचारलं.

"ते मागनं लिवा," विमलबाई म्हणाल्या. "वीना थांबलीय."

वनितानं हात पदराला पुसले आणि मान वाकवली. पट्टा गळ्यातून गळ्यात गेला. विमलबाई रिकाम्या खांद्यानं बायकांत जाऊन बसल्या, आणि डाव्या तळव्यावर उजवा हात हळू टेकवत टाळी धरली.