रूबेनची माती

"काका, तुमी खुर्चीवर बसा. गाणं आमी मोबाईलवरनं लावतो," सॅमसन म्हणाला.

शांतवन पारखे खांद्यावरची हार्मोनियमची पिशवी उतरवत होता. तो तसाच थांबला. इंदापुरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरापुढे मांडव घातला होता आणि मांडवात सॅमसनच्या वडिलांची, रूबेन कसबेची शवपेटी ठेवली होती. वीस-बावीस वर्षं शांतवन गायला आणि रूबेनने त्याच्या शेजारी बसून ढोलक वाजवला.

"मी गातो की. त्याच्यासाठीच आलोय," शांतवन म्हणाला.

सॅमसनने त्याला बाजूला नेलं. मुलगा वाईट नव्हता. बापाच्या आजारपणात दोन वर्षं त्याने सगळं स्वतःच्या हाताने केलं होतं.

"राग मानू नका, काका. नाताळात तुमी गायलात तवा मधीच खोकला लागला. आज पुण्यावरनं पाव्हणे आलेत. आन् कॅसेटमधलं लावलं तर त्यात पप्पांचा ढोलक बी हाय. त्यांचा सोताचा हात."

शांतवन म्हणाला, "बरं."

दोघांच्या भक्तिगीतांची ती कॅसेट पंचाण्णव सालची. तिच्यामुळे श्रीरामपूरपासून जालन्यापर्यंत तंबूत भरणाऱ्या प्रार्थनासभांची बोलावणी यायची. स्टँडवर उतरलं की पिशवी उचलायला चार माणसं पुढे व्हायची. जालन्याला एका बाईने आपलं तापाने फणफणलेलं मूल त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. नुसतं गा, म्हणाली होती. मग कॅसेटी गेल्या. गिटार आणि कीबोर्ड घेतलेली नवी मंडळी आली. सभांची बोलावणी थांबली, लग्नांची थांबली, कुणी वारलं की मातीची तेवढी येत राहिली. गेली अकरा वर्षं तो भवानीनगरजवळच्या एका साखर कारखान्याच्या ऊसगाड्यांच्या आवारात माईकवर गाड्यांचे नंबर पुकारत होता. धुळीने आणि ओरडण्याने घसा गेला.

त्याला मोटारसायकलवर घेऊन आलेला सणसरचा दादासो ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या लेखी शांतवन म्हणजे नंबरवाले आबा.

दुपारी गावाबाहेरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत शवपेटी खड्ड्याशी ठेवली आणि सॅमसनने मोबाईलला स्पीकर लावला. आधी कुणीतरी बाई फरशीची जाहिरात सांगू लागली. त्याने घाईघाईने ती घालवली. मग ढोलक वाजला आणि एक भरदार, तरुण आवाज उठला.

'दमल्या पायांची वाट, तुझ्या अंगणी संपते...'

"ह्यो कुणाचा आवाज?" दादासो कुजबुजला.

"माझा."

"खरं सांगता?"

"तवा तीस वर्षांचा हुतो."

दादासोने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुसऱ्या कडव्यात ढोलकाची एक मात्रा चुकली. स्टुडिओत दुसरी पार्टी बाहेर खोळंबली होती म्हणून ते तसंच राहून गेलं होतं. चुकल्यावर रूबेन हसला होता. ऐकणाऱ्याला माहीत असेल तरच ते हसू ऐकू यायचं. शांतवनला ते ऐकू आलं. त्याने शवपेटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. खड्डा भरला, फुलं पसरली आणि माणसं चहासाठी घराकडे वळली. शांतवनजवळ मागे राहिली ती रूबेनची बायको एस्तेर.

"तुमी का न्हाय गायलात, भावजी?" ती म्हणाली. "मी पार शेवटपर्यंत वाट बघत हुते."

"रेकॉर्ड लावली की, वैनी. पोरांनी ठरवलं. आन् माझा आवाज आता..."

"ह्यांचा तरी हात कुठं ऱ्हायला हुता? उजवा तर हलतच नव्हता. डाव्या हाताच्या दोन बोटांनी खाटेच्या कडेवर वाजवायचे. तुमी नाताळात दारात खोकत गायलात न्हवं? तवाबी आत वाजवत हुते. शांत्या आला, म्हणाले."

शांतवनला हे कुणी सांगितलं नव्हतं. 'बरं' म्हणायला त्याला सकाळी एक क्षणसुद्धा लागला नव्हता, आणि आता खड्डा भरून झाला होता.

फाटकाशी दादासोने मोटारसायकल चालू केली. चारला आवारातली पाळी लागायची होती. शांतवन ओल्या मातीशेजारी उकिडवा बसला. एस्तेरने पदर डोक्यावर घेतला आणि तीही खाली बसली. तेव्हा दादासोने गाडी बंद केली.

त्याच गाण्याची सुरुवात घोगरी झाली. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसऱ्या ओळीला सूर वर चढतो, तिथे आवाज फाटला आणि नुसता श्वास उरला. तो थांबला. छातीवर हात ठेवून खोकला जिरेपर्यंत तसाच बसून राहिला.

मग एक पट्टी खाली उतरून त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं.