एकशे सदतीस रणगाडे

ऑफिसात मला 'तराजू' म्हणतात. वर्तमानपत्रासाठी आकड्यांचे तक्ते करणं हे माझं काम. सव्वीस वर्षांत एक आकडा चुकला नाही, याचा माज होता मला. होता म्हणतोय.

त्या आठवड्यात शेजारी देशाशी पुन्हा जुंपली आणि संपादकांनी तक्ता मागितला. त्यांची विमानं, आपली विमानं, त्यांच्या तोफा, आपल्या तोफा. रणगाड्यांपाशी येऊन मी अडलो. सरकारी आकडा होता अकराशे, सगळे चालू. पण ताईचा मुलगा लष्करी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. जेवताना वैतागून बोलून गेला होता, "मामा, एकशे सदतीस गाड्यांना इंजिनच नाही. नुसत्या पुसून उभ्या करायच्या!"

मी छापलं. त्याचं नाव घातलं नाही, पण 'पैकी एकशे सदतीस इंजिनाविना' असं छापलं. अरे, 'सुमारे दीडशे' लिहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण तराजूला 'सुमारे' लिहायची लाज वाटते ना!

नेमका आकडा ठाऊक असलेली माणसं त्या वर्कशॉपमध्ये तीनच होती. तिसऱ्या दिवशी भाच्याला चौकशीला नेलं.

ताई थेट ऑफिसात आली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "त्याचं नाव घेतलंस तर तो जन्मभर आत," ती म्हणाली, "आणि गप्प बसलास तरी आतच. एवढा शहाणा आहेस ना, मग काढ की वाट!"

वाट एकच होती. आकडा मी मनानंच घातला, असं मी संपादकांना सांगितलं.

"तू? मनानं?" ते माझ्याकडे बघतच राहिले.

खुलासा मीच लिहिला. तो आकडा निराधार होता, सर्व रणगाडे चालू स्थितीत आहेत. तक्त्यांचं काम माझ्याकडून गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच नाही.

चार दिवसांनी भाचा सुटला. ताईनं मला जेवायला बोलावलं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्याला म्हटलं, "चुकलं रे माझं. तुला विचारायला हवं होतं."

"ते जाऊ दे मामा. तुझा तक्ता आला ना, त्या दिवशी वरून फोनवर फोन. तीन वर्षं अडकलेली इंजिनांची मागणी एका दुपारात मंजूर!"

"मग?"

"मग तुझा खुलासा आला. सगळ्या गाड्या चालू, तर इंजिनं कशाला? मागणी रद्द."

मी म्हटलं, "पुन्हा खरं छापतो."

"म्हणजे मी पुन्हा आत. आणि आता तुझा आकडा खरा कोण मानणार?" तो चिडलाही नव्हता. "परवा त्याच गाड्या सीमेवर निघणार आहेत. भंगारातली तीन इंजिनं मोडून दोन जोडतोय आम्ही. वाटेत बंद पडल्या तर सोबत मेकॅनिक हवा, म्हणून मला धाडतायत. आईला बदली झाली म्हणून सांगितलंय. तू काही बोलू नकोस."

ताई पाणी घेऊन बाहेर आली. चार दिवसांनी वेणी घातली होती तिनं.

"सुटले बाई एकदाची," ती म्हणाली. "तू होतास म्हणून माझं पोर वाचलं रे."

भाचा माझ्याकडे बघत होता. मी पेला घेतला आणि म्हणालो, "हो ताई."