उजेडात धरलेले झाकण

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे, आणि माझे पहिले सांगणे हेच की माझ्यावर एकदम विश्वास ठेवू नका. माझे पोट घासून चकचकीत केलेले असे, कड कुठे चेपलेली नव्हती, दांडा शेवटपर्यंत घट्ट होता. अशा भांड्याकडेच जरा जास्त बघावे लागते.

हे मला कारखान्यातच कळले होते. अॅल्युमिनियमच्या गोल चकतीवर दाब देऊन त्यांनी मला घडवले. शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बाई बसत. त्या माझ्यात पाणी भरून दाब वाढवत आणि मी कुठे पाझरतो का ते बघत. मी पाझरलो नाही. तरी त्यांनी मला उलटे करून पुन्हा न्याहाळले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा फारच गुणी दिसतोय गं. म्हणून परत बघितला." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

माझे शास्त्र सोपे आहे. झाकण घट्ट बसले की वाफ कोंडते, दाब वाढतो, पाणी नेहमीपेक्षा जास्त तापते आणि कडक वाटाणेही चटकन शिजतात. जास्तीची वाफ झाकणातल्या नळीतून वर येते आणि शिट्टी उचलून बाहेर पडते. समजा, नळी तुंबली. मग शेजारचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह कामाला येतो. त्यात एक मऊ धातू असतो. तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. म्हणजे मी कितीही गुणी असलो तरी मला घडवणाऱ्यांनी माझा भरवसा धरलेला नव्हता, आणि ते योग्यच होते.

मला विकत आणले आजींनी. त्यांच्या स्वयंपाकघरात मी राजासारखा राहिलो. "माझा कुकर म्हणजे सोनं आहे सोनं," त्या शेजारणींना सांगत. माझी शिट्टी ऐकून समोरच्या घरातले लोक जेवायला उठत. इतके कौतुक झाले की मीही थोडा फुगलो. कुकरने फुगू नये, हे तुम्हाला माहीतच आहे.

मग आजींच्या मुलाचे लग्न झाले आणि घरात सूनबाई आल्या. गोड बोलणाऱ्या, हळू चालणाऱ्या. पहिल्याच सकाळी त्यांनी माझे झाकण उचलले, शिट्टी काढून बाजूला ठेवली, खिडकीपाशी जाऊन झाकण उजेडात धरले आणि एक डोळा मिटून नळीतून आरपार पाहिले. नंतर नळीत फुंकर मारली. व्हॉल्व्हवरून अंगठा फिरवला. मग कुठे मला शेगडीवर ठेवले, आणि स्वतः बाहेरच्या बोळकांडीत जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आजींचा पारा चढला.

"सूनबाई, कुकर आहे तो. दुर्बीण नाही."

"हो आई. बघितलं नुसतं."

"मी घासलेलं भांडं आहे. त्यात काय घाण दिसली तुला?"

"घाण नाही हो."

"मग काय बघतेस?"

सूनबाई झाकण लावून बोळकांडीत निघून गेल्या. त्या दिवसापासून घरात संशय नांदायला आला. आजींना वाटे, हिला माझ्या वस्तूंत खोट काढून सगळे नवे आणायचे आहे. सूनबाईंचा संशय माझ्यावर होता. आणि मला त्यांच्या हाताचा संशय होता. भर उकाड्यातही त्या बाही मनगटापर्यंत ओढून घेत. एकदा झाकण उचलताना ती बाही सरकली. कोपराजवळची कातडी गुळगुळीत, ताणलेली, चमकणारी होती. मित्रांनो, मी जन्मभर वाफेच्या संगतीत राहिलो आहे. वाफेची सही मी ओळखतो. पण मला तोंड नाही, शिट्टी तेवढी आहे.

शेवटी आजींनी निकाल लावला, "कुकरला फक्त मी हात लावीन." सूनबाई मुकाट्याने उघड्या पातेल्यात बटाटे उकडू लागल्या. त्याला वेळ लागे. आजोबा म्हणत, "आपल्या घरातले बटाटे निवृत्त झाल्यावरच शिजतात." सगळे हसत. सूनबाईही हसत, पण बोळकांडीतून.

बरीच वर्षे गेली. घरात भिंगरी जन्मली. तिचे खरे नाव शाळेपुरतेच. घरभर फिरत असे म्हणून ती भिंगरी.

माझेही वय झाले. व्हॉल्व्हच्या कडेने वाफ फसफसू लागली. आजोबांच्या हातून आजवर एकही वस्तू टाकून दिली गेली नव्हती. छत्रीची काडी पडद्याला, पडद्याची कडी पिशवीला, असा त्यांचा संसार. माझ्या जातीचा व्हॉल्व्ह दुकानात मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातून पितळेचा एक देखणा बोल्ट शोधला, खाली वॉशर घातला आणि पान्याने असा काही आवळला की मी कण्हलोच.

"आता थेंब गळला तर नाव बदलीन!" ते म्हणाले.

खरेच गळला नाही. आजी खूश झाल्या. "बघा, नव्यासारखा झाला." सूनबाईंना हे कळलेच नाही. त्यांना माझ्याकडे बघायला बंदी होती ना!

एके दिवशी सकाळी भिंगरी तोंड पाडून स्वयंपाकघरात आली. शाळेत गोष्ट लिहायला सांगितली होती, आणि तिची गोष्ट बाईंनी परत केली होती. आजींनी तेव्हाच मला वाटाण्यांनी काठोकाठ भरून शेगडीवर चढवले होते. मी म्हणत होतो, जरा जागा ठेवा. पण ऐकतो कोण?

"वाच बघू," आजी म्हणाल्या.

भिंगरीने वाचले. एक बाई होती. ती फार घाबरट होती. ती भांड्यांना घाबरायची. झाकण वाजले की पळत सुटायची आणि पार गावाबाहेर जाऊन थांबायची. आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आजोबाही हसले.

"मस्त आहे की! मग परत का केली?"

"बाई म्हणाल्या, ती घाबरट का आहे ते यात कुठंच नाही. तिच्या आधीच्या आयुष्यात काय झालं ते कळल्याशिवाय ही नुसती टिंगल होते, गोष्ट होत नाही. आता मला कसं कळणार काय झालं?"

बोळकांडीत सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी सांगू?"

भिंगरीचे कान लाल झाले. आपण कुणावर लिहिले ते आईला कळले, हे तिला कळले. सूनबाई रागावल्या नाहीत. त्यांनी बाही वर केली.

"तुझ्याएवढी होते मी. आमच्याकडे असाच कुकर होता. आई त्याच्यापाशी उभी होती, मी तिच्या मागे. झाकण उडालं. माझा हात भाजला. आईचा एक डोळा गेला. तुझी ती आजी बोलताना मान वळवून का बोलायची, ते हे."

सूनबाईंनी बाही तशीच वर ठेवली.

"सगळे म्हणाले, नशीब. कुकर लगेच भंगारात दिला. मी म्हणत होते, ते झाकण मला बघू दे, त्याच्या नळीत काय होतं ते बघू दे. कुणी बघू दिलं नाही. लहान होते ना. एवढंच आठवतं की उडण्याआधी तो बराच वेळ गप्प होता. अगदी गप्प…"

त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आई, शिट्टी झाली का?"

"होईल की. बोलण्यात कळलं नसेल." आजी उठल्या आणि सवयीने चिमटा घेऊन माझी शिट्टी हलवायला पुढे आल्या.

मित्रांनो, माझ्या नळीत वाटाण्याचे साल अडकले होते. पोटात वाफ मावत नव्हती आणि तिला वाट देणाऱ्या जागी पितळेचा तो देखणा बोल्ट बसला होता. मी आजींच्या हाताखाली इतकी वर्षे राबलो होतो. मला त्यांना इजा करायची नव्हती. पण धातूच्या इच्छेला कोण विचारतो?

ज्या सूनबाईंचा आवाज त्या घराने कधी चढलेला ऐकला नव्हता, त्यांनी सासूचे मनगट धरून जोरात मागे ओढले.

"मागे व्हा आई! भिंगरी, बाहेर! बाबा, तुम्हीपण. आधी बाहेर!"

शेगडीचे बटण माझ्या पुढ्यात होते. त्या तिकडे गेल्याच नाहीत. मागच्या दाराबाहेर गॅसची मुख्य चावी होती, ती त्यांनी फिरवली. ज्योत विझली. मग सगळे बोळकांडीत उभे राहिले, जिथे त्या इतकी वर्षे एकट्या उभ्या राहत होत्या.

मी थंड व्हायला दुपार झाली. सूनबाईंनी एकटीने आत येऊन माझे झाकण काढले, खिडकीपाशी नेले आणि आजींना हाक मारली.

"आई, बघा."

आजींनी एक डोळा मिटला. "काहीच दिसत नाही गं."

"तेच."

मग त्यांनी झाकण फिरवले, आणि बोल्टवर त्यांचा अंगठा थांबला. आजोबांचा चेहरा उतरला.

"मी बसवला. गळत होता म्हणून…"

"बाबा, इथं सगळ्यात आधी हार मानणारं काहीतरी लागतं. तुम्ही इतकं मजबूत बसवलंत की हार मानायला आम्हीच उरलो असतो."

आजोबांनी पाना हातात घेतला. संध्याकाळपर्यंत ते घरातल्या एकेका वस्तूवरचे आपले जोडकाम तपासत हिंडले. आजी मात्र सूनबाईंच्या जवळ सरकल्या. "एवढी वर्षं बोलली का नाहीस?" असे म्हणाल्या, आणि स्वतःच मान हलवून पुढे म्हणाल्या, "मी तरी कुठं विचारलं? विचारलं ते भांडायलाच." सूनबाईंच्या बाहीची घडी त्यांनी आपल्या हाताने आणखी वर केली. उकाडा होता.

भिंगरीने गोष्ट पुन्हा लिहिली. बाई तीच, भांडे तेच. पण आता ती पळत नाही. रोज सकाळी ती झाकण उजेडात धरते आणि लोक हसतात. शेवटचे वाक्य भिंगरीने मोठ्याने वाचले तेव्हा कुणी हसले नाही. ते असे होते: "ती घाबरट नव्हती. तिला एकदा बघायचं होतं, आणि कुणी बघू दिलं नव्हतं."

भंगारवाला आला तेव्हा आजींनी मला पुढे केले. सूनबाई म्हणाल्या, "झाकण नाही द्यायचं." म्हणून माझे पोट गेले आणि मी उरलो तो एवढाच, खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगलेले एक झाकण. बोल्ट काढला आहे, नळी साफ आहे. सकाळी ऊन आले की माझ्यातून उजेडाचे दोन ठिपके समोरच्या भिंतीवर पडतात.

नवा कुकर आला आहे. फार चकचकीत आहे. माझा त्याच्यावर अजिबात विश्वास नाही, आणि बरे म्हणजे घरात कुणाचाच नाही. आजी रोज त्याचे झाकण खिडकीशी धरतात, एक डोळा मिटतात आणि मग ते पुढे करतात.

"घे गं, तूही बघ. माझी नजर आता अधू झाली."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुकरची नळी रोज बघा, त्याचा व्हॉल्व्ह वेळेवर बदला, तो काठोकाठ भरू नका. आणि कुणी एखाद्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा संशयाने बघत असेल, तर हसण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्याला काय दिसते ते तुम्हीही एकदा बघा.