दिवाळीआधीची दिवाळी

आमच्या वस्तीवरच्या शाळेत दिवाळी नेहमीच आधी येते. खरी दिवाळी उजाडेपर्यंत निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात, म्हणून टोळ्या हलायच्या सुमारास वर्गातच सण उरकायचा. मी लहानपणी याच शाळेत होतो, तेव्हाही असंच होतं. मास्तर त्या दिवशी छडी कपाटात ठेवायचे आणि आम्ही कंदील चिकटवताना खळीनं कोपरापर्यंत बरबटायचो. निवृत्तीनंतरही मी रोज शिकवायला जातो, त्यात त्या दिवसाची ओढ आहेच.

यंदा चुरमुऱ्यांचा चिवडा होता, नकला होत्या. तिसरीतल्या ऋतुजानं माझीच नक्कल केली. माझा चष्मा कपाळावर चढवून ती वर्गभर चष्माच शोधत फिरली.

"सत्यम, माझ्या चष्म्यावर बसलास का रं?"

पोरं हसून लोळली. तिला असं पाहून मला बरं वाटलं. पावसाळ्यात तिची आई बाळंतपणात गेली होती. बाळ तेवढं वाचलं. बाप, भागवत, तोडीला गेला तरी ऋतुजा दरवर्षीसारखी आजीजवळ गावात राहील, शाळा बुडणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

तेवढ्यात आजी, बायडाबाई, दारात आली. कडेवर बाळ आणि लुगड्यावर भागवतचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. उसाच्या पात्यानं हात चिरू नयेत म्हणून तोडीला जाणाऱ्या बाया असा शर्ट घालतात. मला कळलं, तरी मी विचारलं.

"बायडाबाई, तुम्ही कुठं निघालात?"

"कोयत्याला जोडी लागती, गुरुजी. सून न्हाई तर मी. एकट्या गड्याला मुकादम घेत न्हाई."

"या वयात?"

"वय घरी ठिवून जाते." ती हसली. "ऋतुजे, चल गं. टरक आलाय."

"हिला माझ्या घरी ठेवा. आम्ही दोघं नवराबायको लेकीसारखं सांभाळू."

"ठिवली असती. पर आमी दोघं फडात, मंग ह्याला कोन बगल? पाचटाच्या कोपीत एकटं टाकू? कुत्री हिंडत्यात तितं."

"मग बाळही ठेवा."

"भागवत त्याला उराशी घेतल्याबिगर झोपत न्हाई, गुरुजी. बायकू गेली. आता लेकरू बी सोडाय लावू का?"



ऋतुजानं चष्मा माझ्या हातात दिला.

"गुरुजी, भागाकार सुट्टीनंतर हाय ना? मी आल्यावर घ्या."

"बाकीच्यांना कसं थांबवू, बाळा? पण तू आलीस की माझ्या घरी ये. रोज शिकवीन."

तिनं आजीच्या कडेवरून बाळ घेतलं. सवयीनं त्याची मान सावरली.

"तवर ह्यो रांगाय लागंल," ती म्हणाली. "त्याला घिऊनच यीन. पाटी वढली तर वरडायचं न्हाई."

"नाही ओरडणार."

ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यांमागं तिला जागा मिळाली. पोरं शाळेच्या फाटकाला लोंबकळून तिच्या नावानं ओरडत होती. पण बाळ रडायला लागलं होतं. तिनं त्याला मांडीवर आडवं घेतलं आणि थोपटत राहिली. ट्रक वळणाआड गेला तरी तिनं मान वर केली नाही.