गारा हलवायचा नसतो

रंभाला वाघानं मोहाखालून उचललं ते उजाडता उजाडता. ऊन चढायच्या आत तिचा नवरा मुखरू आणि भाऊ वारलू तिच्यापर्यंत पोचले. टोपलं मोहाखालीच पडलं होतं, मोहफुलांनी अर्धं भरलेलं. तिथून फरफटत नेल्याची वाट नाल्यात उतरत होती. वाटेत लुगड्याची चिंधी, पुढे केसांचा झुपका, आणि काठावरच्या जांभळीखाली रंभा. उजवा पाय मांडीपासून नव्हता. पोट फाटलेलं. तोंडाला मात्र ओरखडाही नव्हता. उघड्या डोळ्यांवर माश्या बसत होत्या.

वारलू तिथंच ओकला. मुखरू खाली बसून माश्या हाकलू लागला.

"एका पायानं कशी पाठवाची तिले, भाऊजी?" वारलू म्हणाला. "सवाशीन बाई आहे. जोडवं घातलेला पाय गेला न."

 मुखरू नाल्याच्या ओल्या वाळूकडे पाहत होता. वाघाचे तीन पंजे खोल उमटले होते, चौथा नुसता टेकवलेला. हा वाघ त्याच्या ओळखीचा होता.

मुखरू वरोऱ्याच्या भैयाजींचा मागकरी होता, शिकारीत जनावराचा माग काढून देई. भैयाजींच्या घरची मालगुजारी गेली होती, बंदुका राहिल्या होत्या. दर उन्हाळ्यात ते दोस्तांना घेऊन सिंदेवाहीच्या पुढच्या या जंगलात उतरत. त्या शौकीन लोकांची आपली एक बोली होती. वाघासाठी हल्या, म्हणजे रेडा, बांधला की तो हल्या राहत नसे, गारा होई. वाघानं फाडून टाकलेल्या जनावरालाही गाराच म्हणत. गोळी लागून वाघ पळाला तर म्हणत, चाटली, नुसती घासून गेली. वाघ मेला असं कोणी म्हणत नसे, थंडा झाला म्हणत. मुखरूनं ती बोली लवकर उचलली. घरी कोंबडी कापली तरी तो म्हणे, थंडी झाली.

रंभाला हे खपत नसे. गावात गारा म्हणजे भिंतीला लिंपायची माती. ती तिनं जन्मभर पायांनी तुडवली होती. "त्या लोकायचं बोलनं उंबऱ्याभाईर ठेवून येत जा," ती म्हणे. "जीव गेला त जीव गेला म्हना. जीभ झडते का?"

आठ-दहा दिवसांपूर्वी भैयाजींनी एका वाघावर बार टाकला होता. वाघ डरकाळला आणि पुढचा पाय उचलून झुडपात घुसला. "चाटली," भैयाजी म्हणाले. सगळे हसले. मुखरूही हसला. नुसती चाटली, मग मागावर कोण जातो? चहा झाला. रक्ताची धार मात्र नाल्यापर्यंत गेली होती.

आता झाडांतून माणसांचा आवाज आला. बातमी तळावर पोचली होती; भैयाजी रायफल घेऊन पुढे होते. मागे दोन गडी, त्यांच्या डोक्यावर मचाणाची खाट. भैयाजींनी रंभाकडे पाहिलं, लगेच वर झाडाकडे पाहिलं.

"हात नको लावू, मुखरू. गारा हलवाचा नसते. तुले काय सांगा लागते?"

वारलू उठला. "काय म्हनलं? कोनाले गारा म्हनलं?"

"अरे बाबा, मले का वाईट नाई वाटून राह्यलं? पण तो लंगडा आहे, भुका आहे. अंधार पडाच्या आत येते. हिले नेली त तो दुसरी पाहीन. उद्या तुह्याच घरची बाई मोहाले जाईन."

"मंग तुमच्या घरची आना न! मी सोता बांधतो, दोर लावून!"

वारलूनं कुऱ्हाड उचलली तसा एका गड्यानं खाट टाकून त्याच्या कानशिलात काठी हाणली. वारलू गुडघ्यावर आला. मुखरूनं गड्याचं मनगट धरून असं पिरगळलं की हाड वाजलं. गडी किंचाळत बाजूला पडला. भैयाजींनी रायफल वर केली. नळी मुखरूच्या छातीवर होती.

"मारा," मुखरू म्हणाला. "का चाटवता फक्त?"

भैयाजींची नळी हळूहळू खाली आली.

भैयाजी खोटं बोलत नव्हते, हे मुखरूला ठाऊक होतं. वाघ येणारच होता. हल्याबद्दल हेच बोलणं त्यानं स्वतः कितीदा केलं होतं. पण रंभाला आणखी एकदा त्या तोंडात जाऊ द्यायचं नव्हतं. आणि तिचा पाय अजून त्या वाघाच्या पोटात होता.

"खाट इकडं आना," तो म्हणाला. "तिच्यावर रंभा जाईन. तुमी फांदीवर बसा."

"अन् इथी काय ठेवतं?"

"मी बसतो."

"पागल झाला का बे?"

"वाघ पाहिजे न तुमाले? मंग चढा."

वारलूनं आणि दुसऱ्या गड्यानं रंभाला खाटेवर निजवलं आणि नदीकडे न्यायला उचललं. "मी आल्याबिगर आग लावजो नोको," मुखरूनं सांगितलं. तिच्या लुगड्याचा फाटून वेगळा झालेला पदर त्यानं डोक्यावरून घेतला आणि रक्तानं काळ्या झालेल्या जागेवर बसला. वारलूची कुऱ्हाड मांडीखाली होती. पदराला तिच्या घामाचा आणि मोहाचा वास होता. तो वास घेत तो बसून राहिला.

दिवस कलून ऊन शेंड्यावर गेलं तेव्हा जंगल एकदम गप्प झालं. मग समोरच्या करवंदीतून वाघ निघाला. लंगडत, पोट जमिनीला लावून. पायाची जखम सडली होती, किडे पडले होते. रायफल वाजली. गोळी वाघाच्या कमरेत बसली आणि तो डरकाळी फोडून सरळ मुखरूवर आला.

मुखरूचा डावा खांदा त्याच्या जबड्यात गेला. हाड फुटल्याचं त्याला ऐकू आलं. उजव्या हातानं त्यानं कुऱ्हाड ओढली आणि वाघाच्या तोंडावर घातली, पुन्हा घातली. डोळा फुटला. जबडा सुटेना. तिसऱ्या घावाला कवटीत पातं अडकलं आणि त्याच वेळी वरून दुसरी गोळी मानेत घुसली. वाघ त्याच्या अंगावर कोसळला.

"थंडा झाला!" फांदीवरून भैयाजी ओरडले. "शाबास रे! थंडा झाला!"

मुखरू खालून सरपटत निघाला. पाय लावून त्यानं कुऱ्हाड उपटली आणि कुशीवर पडलेल्या वाघाच्या पोटावर घाव घातला.

"ए! कातडं! कातडं खराब होते न बे!"

मुखरू थांबला नाही. भैयाजी धडपडत खाली उतरले, त्याचा हात धरायला धावले. मुखरू वळला. कोपरापर्यंत रक्त, हातात कुऱ्हाड. भैयाजी जागीच थांबले.

"काय चाललं हे?"

"तिचा पाय घेऊन राह्यलो."

भैयाजी मागे सरले.  एका हातानं, दातांनी ओठ चावत, मुखरूनं आतडी बाहेर ओढली, पोटाची पिशवी चिरली. वाफेबरोबर घाण वास आला. भैयाजींनी तोंड फिरवलं. मुखरूला हाडाचे तुकडे सापडले, मांसाचा लगदा सापडला, आणि शेवटी एका बोटावर चांदीचं जोडवं. सगळं त्यानं लुगड्याच्या पदरात बांधलं.

"मुखरू," भैयाजी हलकेच म्हणाले, "ती गोळी बस चाटली होती रे. मले वाटलं..."

"लागली होती," मुखरू म्हणाला. "तुमाले दिसली होती. मलेही दिसली होती."

तो निघाला. फाटलेल्या वाघापाशी भैयाजी एकटेच उभे राहिले.

नदीवर दिवस बुडाला होता तरी लोक थांबले होते. वारलूच्या कानातून रक्त वाहून मानेवर सुकलं होतं. मुखरूनं गाठोडं सरणावर, जिथं पाय असायला हवा होता तिथं ठेवलं. जोडवं नदीत धुऊन त्यानं तिच्या हातात दिलं आणि बोटं मिटवली.

"वाघाचं काय झालं, भाऊजी?" वारलूनं विचारलं.

"मेला," मुखरू म्हणाला. "लाव आग."