गोदाबाईंचे उघडे डोळे

पंजाबरावांनी बटण दाबलं, फ्लॅश लखकन उडाला आणि स्टेजवर उभ्या घरच्या साऱ्या खटल्यात एकट्या गोदाबाईंनी डोळे मिटले.

हे आजचं नव्हतं. मूर्तिजापूर ते बाळापूर, या घरच्या सगळ्या लग्नांचे फोटो पंजाबरावांनीच काढलेले, आणि एकूण एक अल्बमात गोदाबाई गाढ झोपलेल्या. अकोल्याहून फोटो धुऊन येईस्तोवर नवरी माहेरपण करून परत गेलेली असायची. मग डोळे उघडून उपयोग काय? कोणी "अजून एक काढा" म्हटलंच, तर पंजाबराव "रोल संपला" म्हणून मोकळे व्हायचे. आत अर्धा रोल शिल्लक असला तरी. जुना कॅमेरा कपाटात ठेवताना त्यांना खरं दुःख झालं ते ही थाप हातची गेल्याचं.

दीर बुधाजीने तर गावभर करून ठेवलं होतं, की वयनी मंगलाष्टकं लागली की घोरते, आणि बाळापूरच्या लग्नात बँडवाल्यांनी त्या घोरण्यावरच ठेका धरला होता.

आज नातीचं, मंजुषाचं लग्न. घरातलं शेवटचं. आज नाही, तर जागी गोदाबाई कुठल्याच अल्बमात राहणार नव्हती.

"दाखवा बरं." त्या स्टेजवरून उतरून आल्या. नव्या कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यात डोकावल्या. "अन् मी इथंबी झोपलीच!"

"कॅमेरा बदलला वयनी, तुमी नाही बदलल्या," बुधाजी वरून ओरडला.

"पंजाबराव, पुन्हा काढा."

पंजाबरावांच्या ओठांवर 'रोल' आला. त्यांनी तो गिळला.

पुन्हा काढला. मिटलेले. पुन्हा. मिटलेले. फ्लॅश आणि त्या पापण्या जणू एकाच वायरला जोडल्या होत्या. तिकडे पंगतीत वरण गार झालं, नवरदेवाचा फेटा कानावर आला, आणि कडेवर घेतलेलं एक पोर म्हणे त्या स्टेजवरच शाळेत घालायच्या वयाचं झालं.

"रेडी... वन... टू..."

"थांबा!" गोदाबाई कडाडल्या. "तुमी मोजता न् मले धाक बसते. मोजीन त मीच मोजीन." त्यांनी पदर खोचला. "एक... दोन... भाऊजी, पोट आत घ्या... तीन!"

स्टेज हसून हसून वाकलं. पंजाबरावांनी बटण दाबलं.

सगळे पडद्याभोवती जमले. नवरा, नवरी, व्याही, हसता हसता साऱ्यांचे डोळे घट्ट मिटलेले. बुधाजीचं तर तोंडही उघडं. मधोमध गोदाबाई. डोळे टक्क.

"काका, साऱ्याइचे डोळे मिटले," गोदाबाईंचा मुलगा जीवन पंजाबरावांना म्हणाला. "अजून एक काढा."

"काहून?" गोदाबाईंनी मान वर केली नाही. "भाऊजी थकले असतीन. झोपू द्या त्याइले."

बुधाजीने आता कुठे पोट आत घेतलं. जीवनने पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांनी कॅमेऱ्याकडे. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह काठोकाठ भरलेलं होतं.

त्यांनी कॅमेरा बंद केला, भिंगावर झाकण लावलं.

"बॅटरी संपली," ते म्हणाले.