दिवस बुडायच्या आत

वाशीमच्या जनता बाजाराला जनतेनं बाजार असं कधी मानलंच नाही. एका सहकारी संस्थेनं तो मोठ्या हौसेनं काढला होता. लांबलचक टिनाचा हॉल, आत लोखंडी रॅक, त्यांवर साखर, साबण, चहा, काड्यापेट्या मांडलेल्या आणि दारात पाटी: आपला माल आपण घ्यावा. मुंबईकडे म्हणे असंच असतं. पण वाशीमचा माणूस दुसऱ्याच्या दुकानात आपण होऊन हात घालेल तर शपथ. उगाच चोरीचा आळ कोण ओढवून घेतो? लोक दारातच उभे राहत आणि आत हाक मारत, "नथमलभाऊ, शेंगदाने द्या बरं थोडे." मग काउंटरवरचे नथमलजी उठत, रॅकवरून माल काढून देत, आणि देता देता पोरीचं कुठं जमलं का, म्हैस व्याली का, हेही विचारून घेत.

असा बाजार चालतो थोडाच! दहाबारा वर्षं कण्हत कुथत चालला आणि बसला. संस्थेचे अध्यक्ष पन्नालालजी मोठे हिकमती. त्यांनी ठरवलं की हॉल पाडायचा, खाली रस्त्याकडे तोंड करून दुकानांचे गाळे काढायचे आणि वर बिऱ्हाडांसाठी खोल्या बांधायच्या. खाली धंदा, वर संसार. जागा भर चौकातली, त्यामुळे गाळे आणि खोल्या पायाची रेघ आखायच्या आधीच ठरून गेल्या.

नथमलजींची नोकरी गेली, पण पन्नालालजींनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. बांधकाम होईपर्यंत त्यांनी मालावर नजर ठेवायची आणि इमारत उभी राहिली की वरची एक खोली त्यांना हयातभर राहायला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, त्यामुळे ते सोन्यासारखं जपावं लागे. सिमेंटच्या खोलीला कुलूप आणि किल्ली नथमलजींकडे. प्लॉटच्या कोपऱ्यात टिनाचं एक खोपट घालून दिलं, त्यात त्यांचा मुक्काम.

आता या नथमलजींची एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ते पक्के जैन. दिवस बुडाला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. घरात हे कोणाला जड जात नाही, कारण सगळं घरच उजेडात जेवतं. पण नथमलजींचं घर म्हणजे एकट्या प्रेमाबाई, आणि त्या जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. पोरबाळ नाही. बाजाराच्या मागच्या गोदामात दोघांचा संसार होता. दुपार कलली की प्रेमाबाई मागच्या दारातून हाक मारायच्या, "दिवस चालला हो," आणि हे गिऱ्हाईक सोडून उठायचे. त्या गेल्यावर ते एकटेच मागं जाऊन, भिंतीकडे तोंड करून, भराभर चार घास गिळून येत. गाव जेवायला बसे तेव्हा यांचं ताट घासून पालथं पडलेलं असे. कोणी प्रेमानं बोलावलं तरी ते रात्रीच्या पंगतीला. हे जाऊन नुसते बसत, आणि समोर माणूस उपाशी बसलेला पाहून यजमानालाच घास जाईना. हळूहळू बोलावणी थांबली.

म्हणून त्या वरच्या खोलीवर त्यांनी जीव टांगला होता. नकाशात त्यांनी पाहिलं होतं की सगळ्या खोल्यांपुढून एकच लांब गॅलरी जाते. गॅलरी म्हणजे माणसं. शेजारीण तांदूळ निवडत बसेल, कोणी पेपर वाचेल, आपण ताट घेऊन बाहेर बसलो तर कोणी तरी बोलेल. पन्नालालजींकडून त्यांनी पश्चिमेच्या टोकाची खोली मागून घेतली. तिथं उजेड सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो. जेवताना कोणी सोबत असावं, बस, एवढीच त्या माणसाची मागणी होती. म्हातारपणी माणसं कायकाय मागतात.

बांधकामाला मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बंजारा माणसं आली. मोहनसिंग त्यांचा म्होरक्या. त्याची बायको सोनीबाई डोक्यावर घमेली वाहायची. त्याची आई नानीबाई थकलेली; ती चूल सांभाळायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर ताशेरे झाडायची. नथमलजींना खोपटात भिंतीकडे तोंड करून जेवताना तिनं दोनचार दिवस पाहिलं आणि एका संध्याकाळी सरळ दारात येऊन उभी राहिली.

"शेठजी, चोरावानी काहून जेवता? कोनी हिसकून घेते काय?"

नथमलजींना ठसका लागला. मग त्यांनी आपला नेम सांगितला. नानीबाईनं ऐकून घेतलं.

"हे त बरं हाय," ती म्हणाली. "मलेबी दिवस बुडाल्यावर दिसत नाही. आंधारात जेवाले बसली का भाकर कुठं अन् चटनी कुठं. हे सारे काम सुटल्यावर जेवतात अन् मी चाचपडत राह्यते."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी चुलीकडून हाक आली, "शेठजी, दिवस चालला."

नथमलजी सिमेंटच्या गोण्यांपाशी उभे होते. त्यांनी खोलीला कुलूप घातलं. मग खोपटात गेले, आपली मुगाची डाळ आणि पोळ्या ताटात घेतल्या, पितळी लोटा उचलला आणि बाहेर आले. नानीबाईनं पायाच्या उरलेल्या दोन दगडांवर बैठक केली होती, मध्ये चांगलं अंतर ठेवून. त्यांचं अन्न वेगळं, तिचं वेगळं. तिच्या भाकरीवर लसणाची चटणी होती. नथमलजी कांदा-लसूण खात नाहीत हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. तिनं चिमटीत धूळ घेऊन वर उडवली, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसली.

"आता तुमच्याकडं वास येनार नाही," ती म्हणाली. "बसा."

असं ते सुरू झालं. रोज दिवस कलला की हाक, रोज चिमूटभर धूळ, रोज दोन दगड. कधी वारा फिरला की म्हातारी भाकर घेऊन दुसऱ्या दगडावर जायची आणि नथमलजींना उठवायची. बोलणं काय, इकडचं तिकडचं. ती तांड्यावरच्या भांडणांचं सांगायची, नथमलजी बाजारातल्या गिऱ्हाइकांचं. प्रेमाबाईंचं नाव इतक्या वर्षांत त्यांनी कोणापुढं काढलं नव्हतं. इथं ते दर दोन घासांनी यायला लागलं. नानीबाईचा नवराही तरणाच गेला होता. "मेलेल्याचं बोलत राहावं," ती म्हणायची, "नाही त ते खरंच मरतात." नथमलजी मजुरांनाही अहोजाहो करत, काउंटरवरची सवय. नानीबाईला त्याचं फार हसू यायचं. इकडे इमारत चढत होती. खालचे गाळे झाले, जिना झाला, वरच्या भिंती उभ्या राहिल्या. नथमलजी सिमेंट वेळेवर काढून देत, कामाला एक तासाचा खोळंबा होऊ देत नसत. खोलीची घाई त्यांनाच होती ना!

माघ सरत आला आणि एका दुपारी मोहनसिंग घाम पुसत म्हणाला, "शेठजी, वरचा स्लॅब पडला का आमी मोकळे. प्लास्टरवाले दुसरे येतीन. होळीले तांड्यावर जावाचं हाय आमाले."

नथमलजींनी मान हलवली. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. त्या संध्याकाळी ताटातली पोळी त्यांना संपेना. स्लॅबला आता दोनतीन दिवस. म्हणजे दोनतीन जेवणं.

आणि मग त्या सरळमार्गी माणसानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. सिमेंटच्या कुलपाची किल्ली खोपटात खिळ्याला असायची. ती त्यांनी काढली, कमरेच्या करदोड्याला बांधली, आणि सकाळी मोहनसिंगला सांगितलं, "किल्ली सापडून नाही राह्यली."

वजनात कधी गुंजभर खोट न केलेला माणूस खोटं बोलला, तेही किल्लीसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी. पण त्यांचा हिशोब साधा होता. होळीला अजून अवकाश आहे. किल्ली चारआठ दिवस सापडली नाही तर ही माणसं चारआठ दिवस इथंच राहतील. पन्नालालजी लग्नाला अकोल्याला गेलेले, आणि त्यांच्या माघारी कुलूप तोडायची कोणाची छाती नव्हती. मजुरांनी खोपट उपसलं, रेती चाळली. सोनीबाईनं तर चुलीतली राखसुद्धा हातानं चिवडून पाहिली. नथमलजी खाली मान घालून त्यांच्यासोबत शोधत होते.

त्या संध्याकाळी हाक आली, दुसऱ्याही संध्याकाळी आली. नथमलजींना वाटलं, साधलं. फक्त एक गोष्ट हा जन्मभर महिन्याच्या पगारावर जगलेला माणूस विसरला होता. रोजानं काम करणाऱ्याला बसून राहणं परवडत नाही. काम नाही त्या दिवशी मजुरी नाही, आणि मजुरी नाही त्या दिवशी पीठ नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते खोपटातून बाहेर आले तर चूल विझवलेली होती. सोनीबाई भांडी गाठोड्यात बांधत होती. मोहनसिंग पुढं आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट संकोचच होता.

"अनसिंगले एक गोदाम बांधून राह्यले, शेठजी. मानसं पायजेत त्याइले. इथं किल्ली कवा सापडन काय भरोसा? चारच्या गाडीनं निघतो आमी. स्लॅबले दुसरे कोनी लावा."

नथमलजींचा हात आपोआप कमरेकडे गेला. आत्ता किल्ली काढून द्यावी, सापडली म्हणावं, असं मनात आलं. पण गाठोडी बांधून झाली होती, आणि दोन दिवस ज्या माणसांनी रेती चाळली त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं किल्ली काढायची? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. दोनतीन जेवणं उरली होती, तीही त्यांनी आपल्याच हातानं घालवली होती.

सगळे फाटकाबाहेर गेले. नानीबाई मागं राहिली. काठी टेकत त्यांच्यापाशी आली.

"किल्ली देऊन टाका आता कोनाले," ती हळूच म्हणाली. "करदोड्याले हाय न थे? तुमी मांडी घालून बसता तवा दिसते. उजेडात जेवतो न आपन."

नथमलजींनी सदरा खाली ओढला. "पयल्याच दिवशी दिसली तुमाले?"

"पयल्याच दिवशी."

"मंग बोलल्या काहून नाही?"

नानीबाईनं काठीनं माती उकरली.

"पोरगं माहं रोज म्हने, बसून काय खावाचं. मी म्हनो, थांब बापा, सापडन. दोन दिवस त थांबोलं म्या त्याले." तिनं पदरानं नाक पुसलं. "माह्यासंगं तरी कोन जेवते, शेठजी?"

बाहेरून मोहनसिंगनं हाक दिली. ती गेली. त्या दिवशी सूर्य बुडाला तरी नथमलजींचं ताट भरलं नाही, आणि नेमाप्रमाणं मग सकाळपर्यंत पाणीही नाही.

किल्ली दुसऱ्या दिवशी 'सापडली' आणि स्लॅब दुसऱ्यांनी टाकला. प्लास्टर झालं, चुना झाला. मधल्या काळात एकदा नथमलजी अनसिंगला जाऊन आले. गोदाम बांधून झालं होतं. मागं काळवंडलेले चुलीचे दगड होते. माणसं तांड्यावर गेली की आणखी कुठं, कोणाला सांगता आलं नाही. ते आपली शिदोरी तिथं न सोडताच परत फिरले.

दिवाळीच्या पाडव्याला इमारतीचं उद्घाटन झालं. खाली कापडवाला आला, औषधवाला आला, सायकलवाला आला. शटरांच्या आवाजानं चौक जागा झाला. वर बिऱ्हाडं आली. माणसं वाईट नव्हती हो. शेजारचा पंचायत समितीतला कारकून आणि त्याची बायको फार अगत्याची. पण कारकून घरी येणार दिवेलागणीला. मग दारं उघडायची, रेडिओ लागायचा, स्टोव्ह भडकायचा, आणि ती बाई प्रेमानं म्हणायची, "काका, या न जेवाले." काका हात जोडायचे. महिन्याभरात तिनंही विचारणं सोडलं. संध्याकाळी उन्हं असेपर्यंत ती लांब गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी असायची. नकाशात हे दिसलं नव्हतं.

पश्चिमेच्या टोकाला मात्र उजेड खरंच शेवटपर्यंत टिकायचा. उन्हं कलली की नथमलजी स्वतःशीच पुटपुटत, "दिवस चालला," आणि ताट घेऊन बाहेर येत. नव्या फरशीवर धूळ कुठली? म्हणून खालून आणलेली मूठभर माती त्यांनी एका डबीत ठेवली होती. त्यातली चिमूट ते वर उडवत, वारा कुठून येतो ते पाहत, आणि खालच्या अंगाची जागा मोकळी सोडून जेवायला बसत.